नियमाप्रमाणे पुसलं

आमच्या सरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या चालत नसत.

चाकणच्या त्या कंपनीत मी नवीन लागले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी, आणि तिच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही चारपाच जण. सर विभागाचे प्रमुख. हजेरीच्या सिस्टीममध्ये त्या त्या दिवसाचे वाढदिवस झळकायचे. एका सकाळी सरांचं नाव दिसलं, म्हणून मी हौसेने चौकातल्या बेकरीतून लहानसा केक आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी केककडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, माझी जन्मतारीख तुम्हाला कुठून मिळाली?"

"सर, सिस्टीममध्ये दिसली."

"आणि सिस्टीमला मी ती कशासाठी दिली होती?"

मी केकचा खोका थोडा मागे ओढला.

"निवृत्तीची तारीख काढायला दिली होती. केकसाठी नाही."

मग त्यांनी केक कापला, सगळ्यांना वाटला, स्वतःही चवीने खाल्ला, केक ताजा आहे असंही म्हणाले. आणि संध्याकाळी बस सुटायच्या आत वाढदिवसांचं ते पान बंद करून टाकलं. कंपनीतल्या कित्येकांनी त्याचा राग सरांवर न काढता माझ्यावर काढला.

माणूस असा होता. अंगाने किडकिडीत, बाह्यांची बटणं भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत लावलेली, गळ्यातलं ओळखपत्र कायम उलटं, म्हणजे नाव छातीकडे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर वहिनींची एक मरून टिकली चिकटवलेली असे. टिकली जुनी झाली की नवी यायची. आमच्यापैकी प्रत्येकाला, अगदी शिकाऊ पोरांनाही, 'अहो' म्हणायचे. शॉप फ्लोअरवर त्यांचं नाव 'कलमसाहेब' पडलं होतं, कारण नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी वकिलीची पदवी घेतली होती. सनद मात्र घेतली नाही. का, असं मी एकदा विचारलं.

"कायदा कोर्टात नसतो, मॅडम," ते म्हणाले. "रकान्यात असतो. तुम्ही स्क्रीनवर एक रकाना वाढवता, तिथेच कायदा पाळला जातो नाहीतर मोडला जातो. कोर्टात नुसता पंचनामा."

नवा रकाना मागायला कुणी आलं की त्यांचं ठरलेलं होतं. कशासाठी हवंय? कोण बघणार? कधी पुसणार? या तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय कुणाला काही मिळत नसे. मोठमोठे मॅनेजर घाम पुसत परत जायचे. डेटाचा कायदा येणार, येणार म्हणून तेव्हा नुसती चर्चा होती. सर मात्र तो कालच लागू झाल्यासारखे वागायचे.

कंपनीबाहेरही तेच. चिंचवडला एका मोठ्या दुकानात शर्ट घेतला, काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर मागितला, यांनी दिला नाही. नंबराशिवाय बिल निघत नाही, असं ती म्हणाली. सर शर्ट तिथेच ठेवून निघाले. वहिनी सांगायच्या, त्यांच्यासाठी कपडे मीच आणते, आणि नंबर माझा देते, त्यांना सांगू नका. मोशीला एका मित्राकडे वास्तुशांतीला गेले तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने फोटो काढायला मोबाइल समोर धरला. सरांनी मान फिरवली. शेवटी मित्रच जेवणाचं ताट घेऊन खाली आला, आणि सर गेटबाहेर, कट्ट्यावर बसून मुकाट्याने जेवले. मठ्ठा वर राहिला, एवढीच त्यांची तक्रार.

हे सगळं कुठून आलं, असं मला वाटे. ते मूळचे तळेगावजवळच्या एका गावातले, जुन्या शेतकरी घरातले. एकदा बसमध्ये त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा वडिलांनी अंगठा दिला, पण कागदात काय लिहिलंय ते वडिलांना कुणीच वाचून दाखवलं नाही. मला गलबलून आलं. पुढे कधीतरी त्यांचे थोरले भाऊ भेटले, त्यांच्याजवळ मी हा विषय काढला. ते हसत सुटले. "कोन म्हनलं? समदं वाचून दावलं व्हतं, दोनदा. बापाला बुलेट पायजे व्हती. ह्यो तवा शाळंत व्हता, ह्याला काय म्हाईत?" सर खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनी ती गोष्ट मनात अशी घडवली होती, आणि तिच्यावर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं होतं.

आता वंदनाबद्दल सांगते, कारण सरांचं नाव घेतलं की मला ती टिकली आठवत नाही, वंदना आठवते.

वंदना परभणीकडची. नवरा, सासू, दीर आणि लहान मुलगी यांच्याबरोबर कुरुळीत दोन खोल्यांत राहायची. आमच्या कंपनीत ठेकेदाराकडून लागली होती, पॅकिंगला. दीरही आमच्याच कंपनीत, पण दुसऱ्या लाइनवर. वंदनाला लहानपणापासून फिट यायच्या. गोळी चालू होती आणि गेल्या कित्येक वर्षांत काही झालं नव्हतं. पण माहेरच्यांनी लग्नात ही गोष्ट लपवली होती. सासरी कुणालाच माहीत नव्हतं. गोळ्या ती तांदळाच्या डब्यात ठेवायची.

कंपनीच्या डॉक्टरांना मात्र तिने सांगितलं. त्यांनी विश्वासात घेऊन विचारलं, आणि तिलाही वाटलं, उद्या प्रेस मशीनवर उभं केलं आणि तिथे काही झालं तर हात जाईल. शहाणपणानेच वागली ती.

वैद्यकीय कक्षाची सिस्टीम सरांनी स्वतः आखलेली. त्यात त्यांचा जीव होता. सुपरवायझरला माणूस कुठे उभा करायचा हे कळायला हवं, हे त्यांना मान्य होतं. म्हणून सुपरवायझरच्या टॅबवर फक्त एवढं दिसायचं: 'प्रेसवर नको.' का नको, ते डॉक्टरांपाशी. कुणी आत डोकावलं तर त्याचं नाव, वेळ आणि काय पाहिलं ते आपोआप नोंदलं जायचं; रकाना उघडायचा तर कुणाच्या सांगण्यावरून तेही भरावं लागायचं. आणि या सगळ्या नोंदीही तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जायच्या, कारण सरांच्या मते कोण काय बघतं हीदेखील माणसाची खाजगी गोष्ट. हे सगळं त्यांनी धोरण म्हणून लिहून काढलं आणि प्लँट हेडची सही घेतली. त्याचा एकेक शब्द त्यांनी महिनाभर घोटला होता. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

एचआरला नवे मॅनेजर आले. त्यांना कारणाचा रकाना सुपरवायझरला दिसायला हवा होता. 'सुरक्षा' म्हणाले. सर म्हणाले, सुरक्षेला 'नको' एवढा शब्द पुरतो. मॅनेजर म्हणाले, लोक आजाराचं सोंग करतात, आम्हाला कळायला नको? सरांनी लेखी नकार दिला. मॅनेजरनी वाद घातला नाही. ज्या बाहेरच्या कंपनीने सिस्टीम बांधून दिली होती, तिच्या माणसाला परस्पर फोन केला. सर दोन दिवस रजेवर होते. ते परत येईपर्यंत रकाना उघडलेला होता.

सरांनी त्याच दिवशी तो बंद केला. पण तेवढ्या वेळात कुणीतरी टॅबच्या स्क्रीनचा फोटो काढून लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. वंदनाचं नाव, आणि पुढे 'फिट्स'. खाली कुणीतरी हसणारी तोंडं टाकली. फोटो दुपारच्या चहापर्यंत दिरापर्यंत पोचला.

संध्याकाळी सासूने तिला दाराबाहेर काढलं. पोरीला ठेवून घेतलं, नवऱ्याने अडवलं नाही. "आजारी बाईच्या हातात लेकरू कसं द्यावं," म्हणाली. चार दिवसांनी ठेकेदाराने सांगितलं, सध्या माणसांची गरज नाही.

ती मला गेटबाहेर भेटली, अंगावर कामाचाच युनिफॉर्म. "मॅडम, म्या तर डॉक्टरला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "डॉक्टरला सांगितलेलं दिराच्या मोबाइलवर कसं गेलं ओ?"

मी तिला सरांकडे नेलं. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "तुमच्यावर अन्याय झालाय," ते म्हणाले, "आणि तो सिद्ध होऊ शकतो. रकाना कुणाच्या सांगण्यावरून उघडला, कुणी पाहिला, सगळ्याची नोंद आहे." मी त्यांना इतक्या खात्रीने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वंदना त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा ते दचकून मागे सरले.

तिला एक वकील मिळाले, कामगारांच्या केसेस चालवणारे, पिंपरीचे. ते म्हणाले, आधी नोकरीचं बघू. हातात नोकरी असली तर पोरीचा ताबा मागताना बाजू भक्कम होईल. कागद जमवायला, ठेकेदाराला नोटीस द्यायला वेळ जात होता. आणि इकडे नोंदी पुसल्या जाण्याची मुदत जवळ येत होती.

सरांनी प्लँट हेडना रीतसर पत्र दिलं: वाद उभा राहतो आहे, सबब या नोंदी पुसणं थांबवावं. थांबवण्याचा अधिकार धोरणानुसार प्लँट हेडचा होता. तसा तो ठेवला होता सरांनीच, म्हणजे कॉम्प्युटर विभागातल्या कुणाला मनमानी करता येऊ नये.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नकार. पत्रात सरांच्याच धोरणाचं कलम उतरवून काढलं होतं: 'न्यायालयात दावा दाखल झाल्यावर संबंधित नोंदी पुसणे थांबवावे.' आणि खाली एक ओळ: दावा अद्याप दाखल झालेला नाही.

सरांनी पत्रातल्या त्या कलमावर बोट ठेवलं. "'होण्याची शक्यता दिसताच' असं लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "मी 'झाल्यावर' लिहिलं. महिनाभर बसलो होतो मी या कागदावर, मॅडम."

मी दार लावून घेतलं. "सर, तुमच्याकडे सगळे पासवर्ड आहेत. एक पेन ड्राइव्ह. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"मग मी घेते."

"तुम्हाला त्यातलं बघायचा अधिकार नाही. तुम्ही प्रयत्न केलात तर मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. फार हळू म्हटलं, आणि म्हणूनच मला कळलं की ते खरंच लिहितील.

"आणि वंदना?"

"तिच्या वकिलांना लवकर दावा दाखल करायला सांगा."

मी सांगितलं. वकील धावले. पण नोंदी सोमवारी पहाटे पुसल्या गेल्या, आणि दावा त्याच आठवड्यात, नंतर दाखल झाला. तो सोमवार मला अजून आठवतो. सर नेहमीच्या वेळी आले, टिकलीवरची धूळ बोटाने पुसली आणि कामाला लागले. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

निकाल लागायला दीड-दोन वर्षं गेली. मध्यंतरी डेटाचा कायदा संसदेत पास झाला, पण लागू व्हायचा होता. सरांनी कोर्टात साक्ष दिली. कंपनीच्या वकिलांनी त्यांना फार छळलं नाही. गरजच पडली नाही.

"अशा नोंदी होत्या?"

"होत्या."

"आता आहेत?"

"नाहीत. नियमाप्रमाणे पुसल्या गेल्या."

"नियम कुणी लिहिला?"

"मी."

"एचआर मॅनेजरनी रकाना उघडायला सांगितलं, हे तुम्ही स्वतः ऐकलं?"

"मी रजेवर होतो. पण त्या नोंदीत—"

"विचारलं तेवढंच सांगा."

व्हॉट्सॲपचा फोटो होता, पण तो कुणाच्या टॅबवरून काढला हे कळायला मार्ग नव्हता. बाहेरच्या कंपनीच्या माणसाने सांगितलं, आपल्याला काही आठवत नाही. ठेकेदाराने कामं कमी झाल्याचे कागद आणले. वंदनाची केस तिथेच संपली.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब चहा पीत माझ्यावरच चिडले. "अहो, तुमच्यापैकी कुणाला एक कॉपी काढून ठेवता आली नाही?"

मी म्हटलं, चोरून आणलेला पुरावा कोर्टात चालत नाही ना?

"कोण म्हणतं? कसा का आणला असेना, कामाचा असेल तर कोर्ट बघतं. आणणाऱ्यावर काय व्हायची ती कारवाई वेगळी होते. पुरावा पुराव्याच्या जागी राहतो."

सर रस्त्याच्या पलीकडे बस स्टॉपवर उभे होते. मी तशीच तिकडे गेले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"काय?"

"की कोर्टाने कॉपी पाहिली असती."

त्यांनी टाळलं नाही. "होतं."

"मग का नाही दिलीत? नोकरीची भीती?"

"नोकरी गेली असती तर चाललं असतं," ते म्हणाले, आणि याबाबतीत माझा आजही त्यांच्यावर विश्वास आहे. "त्या नोंदींत तिच्या नावाबरोबर बाकीच्यांची नावं होती, मॅडम. एकाला टीबी, एकीचा गर्भ पडलेला. ज्यांचे रकाने उघडले गेले ते सगळे. मी एकीसाठी ते सगळं खिशात घालून बाहेर नेलं असतं, तर माझ्यात आणि त्या मॅनेजरमध्ये फरक काय राहिला असता?"

"फरक वंदनाला विचारा," मी म्हटलं. बस आली. ते चढले. मी नाही चढले.

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. तेच मला सर्वांत जास्त खुपतं. उघड चूक असती तर त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्यांनी राजीनामा दिला नाही, त्यांना कुणी काढलंही नाही. निवृत्तीपर्यंत राहिले. धोरणातला तो शब्द बदलण्याचा प्रस्ताव त्यांनी पाठवला आणि प्लँट हेडनी तो एका दिवसात मंजूर केला, कारण आता त्यात त्यांचं काही जाणार नव्हतं. निरोप समारंभात एचआर मॅनेजरनीच त्यांना शाल पांघरली आणि म्हणाले, "नियम म्हणजे काय हे आम्ही यांच्याकडून शिकलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर शाल खांद्यावर घेऊन खाली बघत उभे राहिले.

वंदना कुरुळीतच राहिली, मुलगी नजरेच्या टप्प्यात असावी म्हणून. एका मेसमध्ये चपात्या लाटते. कंपन्यांतल्या पोरांचे डबे जातात तिथून. मी अधूनमधून जाते. एकदा तिने आपणहून सांगितलं, "तुमचे साहेब आलते."

"कशाला?"

"काय करू सांगा म्हणायले. म्या म्हणलं, काहीच नका करू, नुसती माझ्या पोरीला दहा मिन्टं घिऊन या. गेले की मग. माझ्या दिराच्या दारात जाऊन हुबं राहिले. लेकरू दारातच खेळत व्हतं म्हणं. दीर म्हणला, पुन्हा आलात तर पोलिसात दीन. तर तुमचे साहेब त्याला काय म्हणले माहितंय? 'तो तुमचा हक्क आहे.' अन् आले की माघारी." तिने पोळपाटावरची चपाती उचलून तव्यावर आपटली. "हक्क म्हणं! एक शिवी तरी द्यायची व्हती त्याला. मला तेवढं तरी बरं वाटलं असतं."

त्यानंतर सर तिच्याकडे गेले नाहीत. मीही त्यांना फोन करत नाही. तळेगावला असतात, तब्येत बरी नाही असं कळतं.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. मागच्या महिन्यात कंपनीत वार्षिक आरोग्य तपासणी होती. गर्दी फार, म्हणून डॉक्टरांच्या मदतीला मीच टॅब घेऊन बसले. एकेकाला विचारायचं आणि नोंदवायचं. शुगर? नाही. बीपी? नाही. फिट, चक्कर? नाही. दम लागतो? नाही. पन्नाशीची माणसं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि प्रत्येक जण ठणठणीत. रांगेत मागे एक बाई नव्या मुलीला हळूच सांगत होती, "काहीबी इचारलं तरी न्हाई म्हन गं, इथं सांगितल्यालं घरापातुर जातं."

मग एक फोर्कलिफ्ट चालवणारा आला. कोकणातला, शांत माणूस. दिवसभर माल उचलून माणसांच्या मधून गाडी फिरवतो. मी विचारलं, "काही गोळ्या वगैरे चालू आहेत का?"

त्याच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचं चकचकीत टोक बाहेर आलं होतं. माझी नजर तिथे गेली ती त्यानेही पाहिली. सावकाश हात वर नेऊन त्याने तळवा खिशावर ठेवला.

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

मी 'नाही' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.